काही आढळले नाही

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शिकवायचं काम तिने जन्मात केलं नव्हतं, ती प्रोग्रामर होती. पण कुणी ग्राहकाला पत्र लिहिताना 'क्रुपया' असं टाइप केलं की ती आपल्या खुर्चीतूनच म्हणायची, "क्रु नाही, कृ." मग ते दुरुस्त होईपर्यंत मान वळवायची नाही. या नावाचा तिला राग नव्हता. उलट थोडी ऐटच होती.

कंपनी म्हणजे चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि मालक धरून सात माणसं. त्यांनी तपासणी लॅबसाठी एकच ॲप्लिकेशन बनवलं होतं आणि ते अडतीस लॅब वापरत होत्या. प्रत्येक लॅबचं नाव साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला असायचं, त्यामुळे रुग्णाला वाटायचं की ही त्या लॅबचीच स्वतंत्र साइट आहे. आत मात्र घर एकच आणि भाडेकरू अडतीस. मालक लॅबवाल्यांना भाडेकरूच म्हणत. फोनवर बोलताना तेवढं सांभाळत.

आता पत्त्यातलं नाव अडतीसपैकी कुणाचंच नसेल तर काय करायचं? आठ वर्षांपूर्वी मालकांनी स्वतः बसून पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा याचं उत्तर एका ओळीत देऊन टाकलं होतं: नाव जुळलं नाही, तर यादीतली पहिली लॅब दाखवायची. तेव्हा यादीत लॅबच एक होती. पुढे भाडेकरू वाढत गेले आणि ओळ तशीच राहिली. त्यामुळे कुणीही अक्षर चुकवलं, कुठूनही चुकवलं, की तो त्या पहिल्या लॅबच्या पानावर जाऊन थडकायचा. तिथे पावती क्रमांक टाकायचा, रिपोर्ट दिसायचा नाही, मग पानावरच्या नंबरला फोन लावायचा. तो फोन पहिल्या लॅबच्या रिसेप्शनवरच्या बाई उचलत. "पावतीवर वरती काय नाव लिहिलंय? ते वाचा बघू," असं म्हणत आणि ज्याचा त्याला नंबर देत. आठ वर्षं त्यांनी हे कुरकुर न करता केलं. एके दिवशी मात्र त्यांनी सरळ मालकांना फोन लावला.

"दिवसाला पाच-सहा फोन येतात दुसऱ्यांच्या पेशंटचे. मी पगार तुमच्याकडून घेत नाही."

मालकांनी ते काम मास्तरणीकडे दिलं.

काम अर्ध्या तासाचं होतं. जुनी ओळ काढली. पत्ता जुळला नाही तर आता कुठल्याच लॅबकडे न पाठवता एक साधं पान दाखवायचं. एरवी अशा पानावर चारशे चार हा आकडा आणि इंग्रजीत एक ओळ असते. मालक मागून वाकून बघत म्हणाले, "आकडा नको. लोक आकडा बघून घाबरतात. आपल्या भाषेत टाक दोन शब्द."

तिने जरा विचार केला. 'चूक' लिहिलं तर माणसाला वाटतं आपल्याला बोलताहेत. 'त्रुटी' म्हणजे सरकारी कागद. शेवटी तिने लिहिलं: 'काही आढळले नाही.' पूर्णविरामासकट. बाकी पानाचा साचा सगळीकडे होता तोच ठेवला. वर गडद हिरवी पट्टी, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत 'तुमचा रिपोर्ट', खाली मोकळी जागा आणि तिच्या मधोमध हे तीन शब्द. तिला ते नेटकं वाटलं. मालकांनाही वाटलं. दुसऱ्या आठवड्यात रिसेप्शनच्या बाईंचा फोन आला, "आज एकही फोन नाही हो, कसं केलंत?" तेव्हा तर विषयच मिटला.

एकेचाळीस दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, दुसऱ्याच एका लॅबमधून फोन आला. तिथली टेक्निशियन बोलत होती. रक्त काढणं, नमुने लावणं, पाकिटं भरणं, सगळं तीच बघायची. आवाज शांत होता, पण एकेक वाक्य जपून टाकत होती.

"तुमच्या साइटवर रिपोर्ट नसेल तर काय दिसतं?"

"रिपोर्ट तयार व्हायचा असेल तर 'तयार होत आहे' असं दिसतं," मास्तरीण म्हणाली. "का?"

"नाही, 'काही आढळले नाही' असं कुठे येतं का?"

"येतं. पत्ताच चुकला असेल तर."

मग टेक्निशियनने सांगितलं ते असं. महिनाअखेरीला ती न नेलेली पाकिटं चाळत होती. त्यात एका बाईंच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट निघाला. रिपोर्ट वाईट होता. असा रिपोर्ट असला की एक प्रत डॉक्टरांकडे जाते, तशी गेलीही होती. पण ते डॉक्टर लांबच्या रजेवर होते आणि त्यांच्या जागी आलेल्याने लखोटा फोडलाच नव्हता. म्हणून हिने घरी फोन केला. बाईंच्या नवऱ्याने उचलला. तो म्हणाला, "रिपोर्ट आम्ही मोबाइलवर बघितला की. काही आढळलं नाही म्हणून लिहिलं होतं."

मास्तरणीच्या हातात पेन होतं, ते तिने टेबलावर ठेवलं.

"कधी बघितला?"

"एकोणीस दिवस झाले म्हणाले."

पुढचं उलगडायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या लॅबचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते, लॅब मुलीने घेतली होती आणि नाव बदललं होतं. नवं नाव यादीत मास्तरणीनेच घातलं होतं आणि जुनं तिनेच काढलं होतं. लॅबकडे मात्र जुन्या नावाच्या पावत्यांचे दोन खोके उरले होते. वाया कशाला घालवायचे म्हणून तेच फाडून देत होते. पावतीच्या तळाला जुना पत्ता, त्याच्या शेवटी त्या पावतीचा क्रमांक. त्या माणसाने तो एकेक अक्षर बघून बिनचूक टाइप केला होता. पूर्वी असा माणूस रिसेप्शनच्या बाईंकडे गेला असता. आता तो तिच्या पानावर आला होता.

तिने तो पत्ता स्वतःच्या मोबाइलवर टाकून बघितला. हिरवी पट्टी. तुमचा रिपोर्ट. काही आढळले नाही.

लॅबचे रिपोर्ट याच भाषेत लिहिलेले असतात हे तिला ठाऊक होतं. 'दोषयुक्त पेशी आढळल्या नाहीत', 'जंतुसंसर्ग आढळला नाही'. गेली पाच वर्षं ती हे नमुने बघत होती. ती उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच मालकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची मागे रेलून म्हणाले, "पावत्या त्यांनी जुन्या वापरल्या. डॉक्टरने लखोटा फोडला नाही. आपलं पान खोटं काही बोललेलं नाही."

"वाक्य मी लिहिलंय."

"मी बघितलं होतं ना तेव्हा. मलाही नाही वाटलं काही."

"तेच तर. आपल्या दोघांनाही नाही वाटलं. आपण आजारी नव्हतो."

मालकांनी समोरच्या पडद्यावर ते पान उघडून वाचलं. मग म्हणाले, "पान आत्ता बदल. बाकी बोलू."

"बदलते. पण ते पान एकेचाळीस दिवस होतं. हा एकच माणूस असेल असं मला वाटत नाही. मला बाकीचे शोधायचेत."

"कसे शोधणार? आपल्याकडे नावं कुठे आहेत?"

"लॉग आहे."

न जुळलेला प्रत्येक पत्ता सर्व्हरवरच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, तारीख-वेळेसकट लिहिलेला होता. ही नोंद कुणी कधी उघडून वाचत नसे. मालकांनी भुवया चोळल्या. वकिलाला विचारावं, थोडं थांबावं, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण ते एवढंच म्हणाले, "दोन दिवस घे. बाकीची कामं मी बघतो."

तिने आधी पान बदललं. 'तुमचा रिपोर्ट' काढलं, हिरवी पट्टी काढली आणि लिहिलं: 'हे पान सापडले नाही. कृपया पत्ता तपासा.' मग लॉग उघडला.

नोंदी हजारांच्या वर होत्या. त्यातल्या बहुतेक माणसांच्या नव्हत्याच. कुठल्या कुठल्या देशांतली यंत्रं रात्रंदिवस साइटची दारं हलवून बघत फिरतात, उघडं सापडलं तर शिरायला. ती चाळून टाकायला दुपार गेली. मग माणसं दिसायला लागली. कुणी लॅबच्या नावात 'एस' दोनदा टाकलेला. कुणी पत्त्याच्या जागी आपलं स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला. एकाने 'बाबांचा रिपोर्ट पाहिजे' असंच्या असं टाइप केलं होतं. बऱ्याच जणांनी पुन्हा प्रयत्न करून मिनिटा-दोन मिनिटांत बरोबर पत्ता गाठला होता, तेही लॉगमध्ये दिसत होतं. त्यांची काळजी नव्हती. काळजी होती जुन्या नावाची. तो पत्ता कितीही वेळा बिनचूक टाकला तरी पान तेच यायचं.

जुन्या नावाने आलेल्या पत्त्यांत सत्तावीस वेगवेगळे पावती क्रमांक निघाले. तिने ते टेक्निशियनला फोनवर एकेक करून वाचून दाखवले आणि टेक्निशियनने रजिस्टर उघडून टिकमार्क केले. एकोणीस जणांनी नंतर लॅबमध्ये येऊन कागद नेला होता. राहिले आठ. त्यातली एक रंगाऱ्याची बायको. रंगारी म्हणजे मोबाइलवर रिपोर्ट बघणारा तो माणूस, घरं रंगवायचा. राहिलेल्या सातांना दोघींनी मिळून फोन करायचं ठरवलं. त्यासाठी मास्तरीण दुसऱ्या दिवशी लॅबमध्येच जाऊन बसली. रक्त काढायच्या खुर्चीशेजारी तिला एक स्टूल मिळालं.

सातांपैकी पाच जणांना साइट बंद पडलीय असं वाटलं होतं आणि सवड झाली की ते कागद न्यायला येणारच होते. एका टेम्पोवाल्याने रंगाऱ्यासारखाच अर्थ घेतला होता. त्याचं पाकीट उघडलं तर रिपोर्ट खरोखरच स्वच्छ होता. त्याला तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग बरोबरच होतं की. फोन कशाला केलात?" टेक्निशियनला हसू आलं. मास्तरणीला आलं नाही. सातव्या एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. त्यांचा फोन बंद होता. टेक्निशियन घरी जाताना वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेली तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, लेकीकडे गेल्यात. लेकीचा नंबर कुणाकडे नव्हता. मास्तरणीने तो बंद नंबर आपल्या वहीत लिहून घेतला आणि पुढे तीन आठवडे रोज एकदा लावला. शेवटी एकदा आजींनी उचलला. त्यांनी लेकीच्या गावी पुन्हा तपासून घेतलं होतं, रक्त कमी होतं, औषध सुरू होतं. त्यांना आधीचा रिपोर्ट आठवतही नव्हता. पण हे नंतरचं.

लॅबमधून निघताना तिने टेक्निशियनला विचारलं, "त्या काकांना मला भेटता येईल?"

"कशाला? तुमचं नाव मी सांगितलेलं नाही."

"म्हणूनच."

टेक्निशियनने फोन करून विचारलं. रंगारी म्हणाला, येऊ द्या, मी दिवसभर कामावरच आहे. त्याने जागा सांगितली. चार मजल्यांच्या एका इमारतीचा जिना रंगवायला काढला होता.

तो तिसऱ्या मजल्याच्या वळणावर रंगकामाच्या लाकडी घोड्यावर उभा होता. साठीचा, सडपातळ, चष्म्यावर पांढरे शिंतोडे. ती आल्यावर खाली उतरला, हात कापडाला पुसले आणि पायरीवर वर्तमानपत्र पसरून तिला बसायला दिलं. स्वतः दोन पायऱ्या खाली बसला.

"काका, ते पान मी लिहिलं होतं," तिने सांगून टाकलं. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"कुठलं? काही आढळलं नाही, ते?"

"हो. ते रिपोर्टचं पान नव्हतं. पत्ता चुकला की येणारं पान होतं. पत्ताही तुमचा चुकला नव्हता."

त्याने खिशातून मोबाइल काढला. पानाचा फोटो त्याने काढून ठेवला होता. मेव्हण्याला आणि थोरल्या लेकीला पाठवला होता. तो फोटो त्याने तिच्यापुढे धरला, जणू तिने तो बघितलाच नसेल.

"हा हिरवा बघा," तो म्हणाला. "असा गडद हिरवा दवाखान्याला मारतात. हा बघूनच मला अर्धं बरं वाटलं. मग चष्मा लावून वाचलं. मीच तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जाऊन कागद घेऊन येऊ या. मी म्हटलं, कशाला खेटा घालायचा, इथे लिहिलंय की सरळ." तो थांबला. "ती दोनदा म्हणाली होती."

"मी माफी मागायला आलेय," मास्तरीण म्हणाली.

"मागा की. मी कुणाकडे मागू?"

हे तो चिडून म्हणाला नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पिशव्या घेऊन उतरलं, दोघांनी पाय आवरून वाट दिली. "भिंतीला हात लावू नका, ओली आहे," त्याने त्या माणसाला सांगितलं.

मग त्याने विचारलं, "आता काय लिहिलंय तिथे?"

तिने आपल्या मोबाइलवर नवं पान उघडून दाखवलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि मोठ्याने वाचलं, "हे पान सापडले नाही. कृपया पत्ता तपासा." पुन्हा एकदा वाचलं.

"कुठलं पान?"

"म्हणजे तुम्ही जे उघडायला बघत होतात ते."

"मी पान उघडायला बघत नव्हतो हो. मी तिचा रिपोर्ट बघत होतो. आणि पत्ता तपासा म्हणजे काय? माझ्या घरचा पत्ता? मी म्हणेन, पावतीवर बरोबर आहे पत्ता, तपासला."

शब्दांबद्दल मास्तरणीला इतकं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही काय लिहाल?" तिने विचारलं.

"मला काय विचारता? मी कुठे शिकलेला आहे."

"तरी सांगा."

त्याने भिंतीकडे बघितलं, जिथे रंग अर्ध्यावर थांबला होता. "तुमचा रिपोर्ट इथे नाही," तो सावकाश म्हणाला. "तो चांगला की वाईट, ते इथे कळणार नाही. लॅबला फोन करा. आणि नंबर टाका. मोठा टाका."

"कुठल्या लॅबचा, ते आम्हाला कळत नाही ना. पत्ताच जुळलेला नसतो."

"मग तुमचा टाका."

ती तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडून लिहायला लागली. तो परत घोड्यावर चढला. लिहून झाल्यावर तिने त्याला वाचून दाखवलं. 'चांगला की वाईट' हे तिने 'काय आहे' असं मवाळ केलं होतं, तर तो वरून म्हणाला, "नाही, चांगला की वाईटच ठेवा. माणूस तेवढंच बघायला आलेला असतो." तिने तेच ठेवलं. खाली ऑफिसचा नंबर टाकला.

मालकांनी पान बघितल्यावर आधी नंबरावर बोट ठेवलं. "हे फोन कोण घेणार?"

"मी."

"तू प्रोग्रामर आहेस."

"पहिल्या लॅबच्या बाईंनी आठ वर्षं घेतले. त्या तर आपल्या कुणीच नव्हत्या."

आठवड्याने मालकांनी एक स्वस्तातला फोन आणून तिच्या टेबलावर ठेवला, त्याला नवा नंबर घेतला आणि पानावरचा बदलून तो टाकायला सांगितला. जुन्या नावाचा पत्ता तिने नव्या नावाशी जोडून दिला. पुढे कुठलंही नाव बदललं तरी जुनं काढून टाकायचं नाही, असा नियम झाला. रोज सकाळी न जुळलेल्या पत्त्यांची यादी ती चहा पिता पिता वाचू लागली. घरी नवऱ्याला हे सगळं तिने एका दमात सांगितलं. त्याने शेवटी एवढंच विचारलं, "त्या बाईंचं काय झालं?" आणि तिला सांगता येईना.

ते तिला पंधरा दिवसांनी कळलं. टेबलावरचा तो फोन वाजला. नेहमीप्रमाणे ती म्हणाली, "बोला, पावतीवर वरती काय नाव लिहिलंय?"

"पावती नाही," पलीकडून एका बाईचा आवाज आला, जरा थकलेला. "मी रंगाऱ्याच्या घरून बोलतेय. तुम्हीच का त्या, जिन्यात येऊन गेलेल्या?"

मास्तरीण उठून उभी राहिली. "हो काकू. कसं आहे आता?"

"ऑपरेशन झालं मागच्या गुरुवारी. गाठ काढली. आता औषधं आहेत सहा महिने."

"डॉक्टर काय म्हणाले? त्या एकोणीस दिवसांचं?"

"ते मी विचारलं. म्हणाले, फरक पडला असेल, नसेलही, तसं सांगता येत नाही. मला वाटलं नाहीच पडला म्हणतील. पण म्हणाले नाहीत." मग त्या मुद्द्यावर आल्या. "तुम्हाला फोन एवढ्यासाठी केला की आमचे हे अजून जेवताना मधेच थांबतात. म्हणतात, मीच वाचून दाखवलं. त्यांना सांगून सांगून मी दमले. खरं सांगू का? मला तेव्हाच शंका आली होती. एवढ्या मोठ्या तपासणीचं उत्तर तीन शब्दांत कसं येईल? पण ऐकायला बरं वाटलं. म्हणून मीही तिसऱ्यांदा म्हटलं नाही."

"काकू, चूक वाक्याची होती. वाक्य माझं."

"हे त्यांना सांगाल का? माझ्या तोंडून त्यांना पटत नाही. तुम्ही लिहिणाऱ्या आहात, तुमचं ऐकतील."

"मी सांगितलं होतं त्यांना."

"परत सांगा. माणसाला एकदा सांगून पुरत नाही."

काकूंनी मोबाइल नवऱ्याकडे दिला. तो "हं" म्हणाला आणि थांबला. मास्तरणीने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. नाव जुळलं नाही तर काय होतं, साचा कसा असतो, हिरवी पट्टी तिथे का होती, जुनं नाव यादीतून कुणी काढलं, पावत्यांचे खोके. या वेळी काही गाळलं नाही, आपल्या बाजूचंही नाही आणि लॅबच्या बाजूचंही नाही. त्याने मधे दोन-तीन प्रश्न विचारले. पत्ता आपण बरोबर टाकला होता ना, हे त्याने दोनदा विचारून घेतलं.

"बिनचूक टाकला होता," ती म्हणाली. "लॉगमध्ये आहे. एकसुद्धा अक्षर चुकलेलं नाही."

"लिहून देता?"

"देते."

तिने एका कागदावर हाताने लिहिलं, खाली सही केली आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या दारात नेऊन दिलं. काकू बाहेरच्या खोलीत उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तिला आत बोलावलं आणि चहा ठेवायला नवऱ्याला पाठवलं.